मेलबर्न म्युझियममधील फार लॅप : जाण्यापूर्वी चार वजने लक्षात ठेवावीत

मेलबर्नच्या कार्लटन गार्डन्समधील मेलबर्न म्युझियममध्ये, शहराचा इतिहास सांगणाऱ्या 'द मेलबर्न स्टोरी' या दालनात, एका काचेच्या पेटीत फार लॅप नावाचा शर्यतीचा घोडा उभा आहे. या देशात आल्यापासून मी त्याला चार वेळा पाहिले. पहिल्या तीन भेटींत मी इतर पाहुण्यांसारखाच पाच-सात मिनिटे थांबलो, त्याच्या उंचीचे कौतुक केले आणि पुढे गेलो. चौथ्या खेपेस पुण्याहून आलेले माझे वडील बरोबर होते. त्या दिवशी आम्ही तिथे जवळजवळ तासभर होतो आणि हा घोडा मला खऱ्या अर्थाने प्रथमच दिसला. त्या भेटीच्या आधारावर हा अभिप्राय लिहीत आहे. मेलबर्नला येणाऱ्या किंवा इथे राहणाऱ्या मराठी माणसांनी हे दालन चुकवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र जाण्यापूर्वी थोडी तयारी करणे अगत्याचे आहे.

प्रथम जे दिसते त्याविषयी. आपल्याकडे अशा प्राण्याला 'पेंढा भरलेला' म्हणतात, पण तो शब्द इथे अपुरा पडतो, कारण यात पोत्यासारखे काही भरलेले नाही. १९३२ साली घोडा गेल्यानंतर न्यू यॉर्कच्या जोनास ब्रदर्स या नामांकित कारागिरांनी त्याच्या शरीराचा हुबेहूब साचा घडवला आणि त्यावर त्याचे मूळ कातडे चढवले. मानेवरच्या आणि पायांवरच्या शिरांचे उठाव, छातीचा भरीवपणा, सावध कान हे सारे इतके नेमके उतरले आहे की नव्वदहून अधिक वर्षांनंतरही हे काम जुने झाल्यासारखे वाटत नाही. खांद्यापाशी त्याची उंची सुमारे १७४ सेंटीमीटर आहे. म्हणजे मध्यम उंचीचा माणूस शेजारी उभा राहिला, तर त्याला घोड्याच्या पाठीपलीकडचे काही दिसणार नाही. रंग तांबूस आहे, आणि तो उडू नये म्हणून तिथला प्रकाश मंद ठेवलेला आहे. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, तेव्हा लगेच छायाचित्रे काढण्याची घाई करू नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कातडीवरची झळाळी हळूहळू दिसू लागते.

माझे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात वर्षानुवर्षे जात आले आहेत. पैसे लावण्यापेक्षा रेसबुक वाचण्यातच त्यांचा जीव अधिक. पेटीसमोर उभे राहिल्यावर त्यांनी घोड्याचे वय विचारले नाही, की त्याने किती पैसे मिळवले हेही विचारले नाही. ते म्हणाले, "त्याच्यावर वजन किती ठेवत होते?" मला उत्तर देता आले नाही. तिथेच बाकावर बसून फोनवर शोधले, टिपून घेतले, आणि मग त्या आकड्यांच्या आधारे त्यांनी मला त्या घोड्याची सारी कारकीर्द उलगडून सांगितली.

ज्यांना शर्यतींचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. हँडिकॅप शर्यतीत प्रत्येक घोड्याने पाठीवर किती वजन घेऊन धावायचे हे आयोजकांचा अधिकारी आधी ठरवतो. जो घोडा सरस त्याच्यावर जास्त, जो कमकुवत त्याच्यावर कमी, आणि हेतू असा की सगळे घोडे शेवटच्या खांबाजवळ एकाच ओळीत यावेत. जॉकी आणि खोगीर मिळून ठरलेले वजन भरत नसेल, तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या दिल्या जातात. त्यामुळे एखाद्या घोड्यावर ठेवलेले वजन हे त्याच्याविषयी जाणकारांनी दिलेले लेखी मतच असते. ज्याला शिक्षा म्हणून शिसे वाहावे लागते, त्याच्या थोरवीचा याहून प्रामाणिक दाखला दुसरा नसेल. फार लॅपच्या बाबतीत मेलबर्न कप या ३,२०० मीटरच्या आसपासच्या शर्यतीतली तीन वर्षांची तीन वजने आणि मेक्सिकोतले एक, एवढे चार आकडे लक्षात ठेवून गेल्यास काचेपलीकडचे ते शरीर बोलू लागते.

पहिला आकडा १९२९ सालचा, ४७ किलो. तो समजण्यासाठी आधीची हकिगत सांगायला हवी. हा घोडा ऑस्ट्रेलियात जन्मलेला नाही. त्याचा जन्म ४ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, टिमारू शहराजवळ सीडाउन इथे झाला. बाप नाइट रेड, आई एन्ट्रीटी. १९२८ च्या जानेवारीत वेलिंग्टनजवळच्या ट्रेन्टम इथल्या लिलावात तो अवघ्या १६० गिनींना विकला गेला. सिडनीतले एक फारसे यश न लाभलेले प्रशिक्षक हॅरी टेलफर्ड यांनी त्याची वंशावळ अभ्यासली होती, आणि डेव्हिड डेव्हिस या अमेरिकी व्यापाऱ्याला त्यांनीच ही खरेदी करायला लावली. शिंगरू सिडनीला पोहोचल्यावर डेव्हिस यांना ते मुळीच पसंत पडले नाही आणि त्याच्या शिक्षणावर एक पैही खर्च करायला ते तयार झाले नाहीत. तेव्हा टेलफर्ड यांनी घोडा तीन वर्षांच्या कराराने स्वतःकडे घेतला : खर्च सगळा त्यांचा आणि कमाईतला दोन तृतीयांश वाटाही त्यांचा. घोडा पुढे खच्ची करण्यात आला, त्यामुळे त्याची संतती नाही. नाव सुचवले सिडनीत वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या ऑब्रे पिंग या तरुणाने. थाई आणि झ्वांग भाषांत आकाशात चमकणाऱ्या विजेसाठी जो शब्द आहे त्यावरून ते आले.

वीज मात्र लगेच चमकली नाही. १९२९ च्या फेब्रुवारीत सिडनीच्या रोझहिल मैदानावर तो पहिल्यांदा धावला आणि सर्वांत शेवटी आला. पहिला विजय त्याच मैदानावर २७ एप्रिल १९२९ रोजी मिळाला, तोही पाचव्या प्रयत्नात. त्यानंतर पुन्हा काही महिने शुकशुकाट होता. टेलफर्ड त्याला वाळूच्या टेकड्यांवर चढउतार करायला लावत, आणि ती मेहनत त्या वर्षीच्या वसंतात फळाला आली. सिडनीतील एजेसी डर्बी आणि मेलबर्नमधील व्हिक्टोरिया डर्बी त्याने जिंकल्या, आणि कपसाठी लोकांचा सर्वांत लाडका घोडा तोच ठरला. पण तीन वर्षांच्या घोड्यावर ठेवलेल्या ४७ किलोंमध्ये बसेल इतके त्याचे नेहमीचे जॉकी जिम पाइक यांचे वजन उतरत नव्हते, म्हणून बॉबी लुइस यांना बसवण्यात आले. घोडा पुढे पळू पाहत होता, जॉकी त्याला आवरत होता, आणि या ओढाताणीत तो तिसरा आला. हलके वजन असूनही हरणारा हा घोडा पुढच्या दोन वर्षांत जड वजनाखाली जिंकत गेला, याचे वडिलांना फार अप्रूप वाटले.

दुसरा आकडा १९३० सालचा, ६२.५ किलो. एका वर्षात त्याच्या पाठीवर पंधरा किलोंहून अधिक भर पडली. कपच्या आधीच्या शनिवारी, १ नोव्हेंबरला सकाळी, सराव आटोपून परतताना एका मोटारीतून त्याच्या दिशेने बंदूक झाडण्यात आली. त्याचा मोतद्दार टॉमी वुडकॉक स्वतः तट्टावर बसून त्याला घेऊन चालला होता, आणि त्याने घोड्याला आडोसा दिला. नेम चुकला. त्याच दुपारी फार लॅपने मेलबर्न स्टेक्स ही शर्यत जिंकली. कॉलफिल्ड कप आणि मेलबर्न कप या दोन शर्यतींच्या जोडीवर लोकांनी मोठ्या रकमा लावल्या होत्या, कॉलफिल्ड कप अमूनिस या घोड्याने आधीच जिंकलेला होता, आणि आता फार लॅप जिंकला तर बुकींना प्रचंड देणे द्यावे लागणार होते. गोळीमागे हेच कारण असावे असे तेव्हापासून मानले जाते. पुढचे दिवस घोड्याला जिलाँगजवळच्या एका स्टड फार्मवर लपवून ठेवण्यात आले. मंगळवारी, ४ नोव्हेंबरला, तो फ्लेमिंग्टनच्या मैदानावर उतरला तेव्हा त्याचा भाव ११ ला ८ इतका खाली आलेला होता, म्हणजे ११ पौंड लावावेत तेव्हा नफा ८ पौंड. तो तीन लांबींनी, म्हणजे घोड्याच्या शरीराच्या तिप्पट अंतराने, जिंकला. त्याच आठवड्यात त्या मैदानावर शर्यतींच्या चारही दिवशी तो धावला आणि चारही वेळा जिंकला. १९३० आणि १९३१ मिळून सलग १४ विजय त्याच्या नावावर आहेत.

इथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. ही शर्यत महामंदीच्या काळातली होती. ऑस्ट्रेलियात तेव्हा बेकारीने कहर केला होता, आणि ज्यांच्याकडे लावायला एक शिलिंगही नव्हता अशी माणसेदेखील या घोड्याला पाहायला कुंपणाशी उभी राहत. लिलावात कुणाला नको असलेला, मालकाने नाकारलेला घोडा जिंकत आहे, यात त्या माणसांना स्वतःचे काहीतरी दिसत असले पाहिजे. हे दालन मंदीच्या काळाशी घोड्याची सांगड घालून देते, ही मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. तो एखाद्या प्राणिशास्त्राच्या दालनात इतर प्राण्यांच्या रांगेत उभा असता, तर त्याचा अर्थ निम्मा हरवला असता. त्याच दालनात एकोणिसाव्या शतकातल्या 'लिटल लॉन' या गरीब वस्तीतल्या घरांची प्रतिकृतीही आहे, तीही अवश्य पाहावी.

तिसरा आकडा १९३१ सालचा, ६८ किलो. हा आकडा ऐकून वडील काही क्षण गप्पच झाले. ज्या व्हाइट नोज या घोड्याने त्या वर्षीचा कप जिंकला, त्याच्या पाठीवर साडेत्रेचाळीस किलो होते. दोघांमध्ये सुमारे साडेचोवीस किलोंचा फरक, आणि अंतर दोन मैलांचे. तोपर्यंत करार संपून टेलफर्ड यांनी घोड्यातला अर्धा वाटा ४,००० पौंडांना विकत घेतला होता, पण निम्मा मालक असलेल्या डेव्हिस यांचा घोडा धावलाच पाहिजे असा आग्रह होता. फार लॅप आठवा आला. १९३० च्या व्हीआरसी सेंट लेजर शर्यतीतील विजयापासून शेवटच्या शर्यतीपर्यंत तो ३५ वेळा धावला आणि ३२ वेळा जिंकला. उरलेल्या तीनांपैकी दोनदा तो अगदी थोडक्यात दुसरा आला, आणि तिसरी हार म्हणजे हा आठवा क्रमांक. त्या दिवशी त्याला धावायला लावणे अन्यायाचे होते, असे माझे मत आहे. तरीही पेटीतले ते खांदे पाहताना मला त्याच्या ३७ विजयांइतकीच ही हारही मोलाची वाटते, कारण त्याला रोखण्यासाठी माणसांना पाठीवर किती शिसे चढवावे लागले, त्याचे मोजमाप या हारीत आहे.

चौथे वजन ५८.५ किलो, मेक्सिकोतल्या तिहुआना इथले. १९३२ च्या सुरुवातीला घोडा बोटीने अमेरिकेला नेण्यात आला. टेलफर्ड गेले नाहीत, आणि प्रशिक्षणाची जबाबदारी वुडकॉक याच्यावर आली. मोतद्दाराच्या हाती साऱ्या जगाच्या नजरा लागलेला घोडा सोपवला गेल्याची अशी उदाहरणे विरळाच. आग्वा कालियेंते हँडिकॅप ही सव्वा मैलाची शर्यत २० मार्च १९३२ रोजी झाली. जाहीर झालेले एक लाख डॉलरचे बक्षीस कमी करून निम्म्यावर आणण्यात आले होते, खुराला जखम झालेली होती, पायाखाली सवयीच्या हिरवळीऐवजी माती होती, आणि पाठीवर बिली एलियट हा जॉकी होता. तो जिंकला, आणि त्या मैदानाचा विक्रमही त्याने मोडला. ती त्याची ५१ वी आणि अखेरची शर्यत. सोळा दिवसांनी, ५ एप्रिल १९३२ रोजी, कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कजवळच्या एका रँचवर तो अचानक आजारी पडून मरण पावला. वुडकॉक शेवटपर्यंत त्याच्याजवळ होता. वयाची सहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

मृत्यूच्या कारणाविषयी मात्र सावधपणे ऐकावे. या शहरात एकदा एका खासगी सहलीबरोबर फिरताना वाटाड्याने आम्हाला ठामपणे सांगितले होते की अमेरिकी गुंडांनी घोड्याला विष घातले आणि हे सिद्ध झालेले आहे. ते ऐकून मी तसेच मानत आलो होतो आणि इतरांनाही सांगत आलो होतो, याचे आता वाईट वाटते. २००८ साली जाहीर झालेल्या संशोधनात या म्युझियममधल्याच घोड्याच्या आयाळीचे केस सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांनी तपासण्यात आले, आणि मृत्यूपूर्वीच्या एक-दोन दिवसांत त्याच्या शरीरात आर्सेनिकची मोठी मात्रा गेल्याचे दिसले. कातडे टिकवण्यासाठी वापरलेले आर्सेनिक आणि पोटातून रक्तात गेलेले आर्सेनिक यांतला फरक त्या तपासणीत ओळखता आला, हे विशेष. परंतु त्या काळात घोड्यांना दिल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक औषधांतही आर्सेनिक असे. टेलफर्ड यांची अशा औषधांच्या कृती लिहिलेली वही म्युझियमने त्याच वर्षी विकत घेतली. त्याआधी आतड्याच्या तीव्र संसर्गाचे अनुमानही पशुवैद्यांनी मांडले होते. म्हणजे आर्सेनिक सापडले, पण ते कुणी वाईट हेतूने घातले असे कोणत्याही तपासणीने म्हटलेले नाही. मुलांना घेऊन गेल्यास त्यांना हा भाग नीट समजावून सांगावा. पुरावा आणि अफवा यांतला फरक शिकवायला इतका चांगला धडा सहसा हाती लागत नाही.

या दालनाकडून एक अपेक्षा ठेवू नये. इथे संपूर्ण फार लॅप नाही. कातडे १९३३ पासून मेलबर्नमध्ये आहे, सांगाडा न्यूझीलंडला देण्यात आला आणि तो वेलिंग्टनच्या ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तर ६.२ किलो वजनाचे हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. साधारण घोड्याच्या मानाने ते कितीतरी मोठे असल्याने मोठ्या मनाच्या धाडसी माणसाला ऑस्ट्रेलियन लोक 'फार लॅपएवढे काळीज असलेला' म्हणतात. २०१० साली, दीडशेव्या मेलबर्न कपच्या निमित्ताने, सांगाडा समुद्र ओलांडून आला आणि काही महिने कातड्याशेजारी उभा होता. तो योग माझा हुकला. मी कॅनबेराला जाऊन हृदय पाहिले आहे. तिथल्या अभ्यागतांकडून सर्वांत जास्त विचारणा होणाऱ्या वस्तूंपैकी ते एक आहे, आणि ते काचपात्रात पाहताना अंगावर काटा येतो हे खरे, पण द्रवात ठेवलेल्या त्या फिकट अवयवाकडे पाहून घोडा कळत नाही. दोन्हींपैकी एकच पाहणे शक्य असेल तर मेलबर्नच निवडावे. वडिलांनाही तेच पटले. हृदय मोठे असेलही, पण ६२ किलो घेऊन दोन मैल पळणारे पाय आणि पाठ इथे आहेत, असे ते म्हणाले.

आता जाण्याविषयी. शहराच्या मध्यभागातून निकोल्सन स्ट्रीटवरून जाणारी ९६ क्रमांकाची ट्राम म्युझियमच्या दारापाशी सोडते, आणि पार्लमेंट स्टेशनवरून चालतही सहज जाता येते. १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, मोठ्यांना तिकीट पडते. शेजारीच रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग ही जागतिक वारशाच्या यादीतली वास्तू आहे, त्यामुळे अर्धा दिवस हाताशी ठेवावा. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी कप असतो आणि त्या हंगामात साऱ्या शहरालाच शर्यतींचे वेड लागलेले असते, तेव्हा शांतपणे पाहायचे असेल तर तो काळ टाळून, शक्यतो कामाच्या दिवशी, उघडल्या उघडल्या जावे. वयस्कर माणसे बरोबर असतील तर त्यांना आधी याच दालनात आणावे आणि बाकीचे म्युझियम नंतर दाखवावे. पेटीला पूर्ण फेरी घालावी आणि मागच्या बाजूनेही पाहावे, कारण त्याची ताकद मागच्या मांड्यांत किती होती हे समोरून लक्षात येत नाही. आम्ही निघालो तेव्हा वडील वळून पुन्हा त्याच बाजूला गेले, आणि बाहेरच्या बागेत येईपर्यंत ६८ किलोंचे पौंड किती होतात याचा हिशेब तोंडाने करत राहिले.